मदत हवी आहे: लिनक्स मिंट समजून घेऊन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

घरचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ यावर बसत नाही, म्हणून लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मशीन मस्त पळतंय. आठवीतली पुतणीही आता त्यावरच लिब्रेऑफिसमध्ये प्रकल्प लिहिते.

गेल्या आठवड्यात एका फोल्डरमध्ये फोटो टाकताना 'परमिशन डिनाइड' आलं. नेटवर सापडलेली 'सुडो सीएचमॉड -आर ७७७' ही कमांड चिकटवली (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं, सीएचमॉड म्हणजे फाइलींच्या परवानग्या बदलणं, -आर म्हणजे आतल्या सगळ्यांसकट) आणि पुढे फोल्डरचा पत्ता हाताने टाइप केला. पहिल्या तिरक्या रेघेनंतर चुकून एक स्पेस पडली. एंटर दाबताच एररच्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. त्यानंतर सुडोच चालेना. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करून फोटो वाचवले आणि मिंट पुन्हा टाकलं.

आता न समजता काही चिकटवायचं नाही असं ठरवलंय. पायापासून शिकवणारं, शक्यतो मराठीतलं काही आहे का? पुतणीलाही शिकवायचं आहे.

प्रतिसाद १:
आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा. फुकट आहे आणि लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत. एकेक व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा, शेजारी टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून सोबत करत जायचं. पडद्यावर जुनं उबुंटू दिसेल, त्याने बिचकू नका, मूळ कमांड त्याच आहेत. तुम्ही 'फाइल ॲट्रिब्यूट्स' हा भाग आधी बघा.

७७७ हे परवानग्यांचे आकडे, त्यांचं गणित सोपं आहे. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, बेरीज ७. तीन आकडे म्हणजे मालक, गट आणि बाकीचे. स्पेस पडल्यामुळे कमांड मुळापासून सगळ्या फाइलींवर फिरली. सुडोच्या फाइलवर 'सेटयूआयडी' नावाची, प्रशासकाच्या अधिकाराने चालू देणारी खास खूण असते, ती ७७७ ने पुसली गेली, म्हणून सुडो बंद पडलं. तुमचा तो फोल्डर सुडो लावून बनवला होता का? मग मालक 'रूट' म्हणजे मुख्य प्रशासक होतो. अशा वेळी सीएचमॉड नको, 'सीएचओन'ने मालक बदलायचा.

कुठलीही अनोळखी कमांड दिसली की आधी 'मॅन' लिहून पुढे तिचं नाव द्या, माहिती तिथेच मिळते. आणि आजच टाइमशिफ्ट या साधनात स्नॅपशॉट (सिस्टीमची आत्ताची प्रत, बिघडलं तर परत आणायला) घेऊन ठेवा. पुढे कधी हार्डवेअरची अडचण विचारायची असेल तर 'आयएनएक्सआय -एफएक्सझेड' या मशीनची माहिती दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट सोबत द्या, नाहीतर आम्हाला अंदाजच बांधावे लागतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार! हो, तो फोल्डर सुडो लावूनच बनवला होता. आता सुडोशिवाय नवा बनवला. 'एलएस -एल' या फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये मालकाच्या जागी माझं नाव दिसतंय आणि फोटो एका झटक्यात कॉपी झाले. स्नॅपशॉट सुरू आहे. तो व्हिडिओ रात्री पुतणीला घेऊन बघतो.