डोळे मिटले की काळोखच दिसतो, मग स्मरणचित्र कसं काढायचं?

कृष्णाकाठ, सांगली
आठवीतली मुलगी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार आहे. वस्तुचित्र समोर बघून सुरेख काढते. स्मरणचित्राला, म्हणजे न बघता आठवून काढायच्या चित्राला, ‘आठवडी बाजार’ विषय दिला की म्हणते, डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. मग बाजारातसुद्धा डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड! कल्पनाशक्तीच कमी आहे असं समजायचं का?

पेन्सिल_एचबी
नाही. मनात चित्र दिसणं वेगळं आणि कल्पना सुचणं वेगळं. चित्र अजिबात न दिसण्याला अफँटेशिया म्हणतात. हे नाव २०१५ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅडम झीमन यांच्या लेखातून रुजलं. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनीही आपल्याला असं दिसत नाही हे जाहीर सांगितलंय. लगेच मुलीवर शिक्का मात्र मारू नका, अंधुक दिसणारेही पुष्कळ असतात. तिला डोळे मिटायला लावू नका, त्यात नुसता वेळ जातो. आधी शब्दांत उतरवू द्या: कोण बसलंय, कशावर, ऊन कुठून येतंय, तराजू कुणाच्या हातात.

हळदपेव
पण ताई, डोंगर-सूर्याचा संबंध काळोखाशी नाही. ज्यांना लख्ख दिसतं तेही तेच काढतात. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस वॉर्ड यांनी कॉलेजच्या मुलांना परग्रहावरचे प्राणी काढायला सांगितले. बहुतेकांचे प्राणी दोन्ही बाजूंनी सारखे, डोळे-पायवाले निघाले. डोकं हाताशी असलेला नमुना आधी उचलतं. म्हणून ‘मनाला येईल ते काढ’ म्हटलं की हमखास डोंगर येतो.

विषय आवळा. ‘बाजार’ नको, ‘पारड्यातल्या वांग्याला दिसणारा बाजार’ द्या. किंवा हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, उतरलेल्या माणसाने मान वर केली तर काय दिसेल? वर उजेडाची गोल चकती, तिच्या कडेने वाकलेली डोकी, बाकी सगळा अंधार. तिथे नारळाचं झाड घुसवायला जागाच नाही.

कृती अशी: विषयाशी जोडलेले वीस शब्द लिहायचे, पहिले पाच खोडायचे (ते सगळ्यांना सुचतात). उरलेल्यांतले तीन घेऊन काडेपेटीएवढ्या सहा चौकोनांत सहा कच्ची चित्रं काढायची, प्रत्येकी दोन मिनिटं. खोडरबर लांब ठेवायचं, नाहीतर पहिल्याच चौकोनात नाक-डोळे घासत बसतात. सहाही झाल्यावर एक निवडायचा. काढतानाच चांगलं-वाईट ठरवलं तर तिसऱ्यापुढे हात चालत नाही.

आणि सरांनी फळ्यावर नमुना काढला की संपलं. वर्गभर तेच चित्र.

माईणमुळा
काडेपेटीची युक्ती पटली, पण वीस शब्द आणणार कुठून? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्य सुचण्यामागे शक्ती (उपजत प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास (सराव) सांगितले, तेही तिन्ही मिळून एकच कारण. निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रं, काव्यं न्याहाळून. मुलीला खऱ्या बाजारात न्या, कागद न देता. एका वेळी एकच गोष्ट बघायला सांगा: आज फक्त बसण्याच्या तऱ्हा, पुढच्या आठवड्यात फक्त सावलीसाठी काय काय बांधलंय ते. फोटो काढू देऊ नका. फोटो घेतला की बघायचं राहतं.

कृष्णाकाठ, सांगली
वीस शब्द लिहून घेतले. अकराव्यावर अडली. शनिवारी बाजार गाठतो.