बसरावाले आबा (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

बाळूदादा गाव: शिमग्याच्या पालखीचे फोटो टाकलेत बघा सगळ्यांनी. शेवटचा फोटो शाळेच्या भिंतीतल्या दगडाचा आहे, रंगकाम करताना चुना खरवडला तर खाली इंग्रजी अक्षरं निघाली. या गावातून 27 माणसं मोठ्या लढाईवर गेली 1914 ते 1919, त्यातली 4 मेली, असं गुरुजींनी वाचून दाखवलं. नावं नाहीत, नुसते आकडे.

नानाकाका: त्या चारातले एक आपले बसरावाले आबा. मी वंशावळीत टाकलंय. धोंडू, अविवाहित, लढाईत वारले. पान 3 बघा.

प्राचीवहिनी: नानाकाका ते बसऱ्याला नक्की कशासाठी गेले होते? आमच्याकडे सगळे बसरावाले बसरावाले करतात पण कोणाला धड सांगता येत नाही, मला वाटायचं नोकरीला गेले होते आखातात 😀

नानाकाका: नोकरीच ती. पलटणीची. पाच मराठा.

निखिल यूके: काका इकडे 1921 ची जनगणना ऑनलाइन आहे, 2022 ला उघडली शंभर वर्षं झाल्यावर. आमच्या घरमालकिणीने तिच्या पणजोबांचं नाव, वय, कुठल्या गिरणीत कामाला सगळं मला दाखवलं, पाच मिनिटांत. आपल्याकडची 1911 ची काढा ना कोणीतरी, त्यात आबा असणारच, तेव्हा तर ते घरीच होते.

मंदार पुणे: निखिल तसं नाही रे आपल्याकडे. जनगणना 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी व्यवस्थित झाली पण आपल्याला मिळतात ते तक्ते. तालुक्यात माणसं किती, कोणत्या जातीची किती, साक्षर किती. घरोघरची नावं लिहिलेले कागद मोजणी झाली की त्यांचं काम संपलं, आणि स्वातंत्र्यानंतरचे 1948 च्या कायद्याने गुप्तच आहेत, आपल्या स्वतःच्या आजोबांचं पान पण मागता येत नाही. त्यामुळे 1911 च्या त्या जाड पुस्तकात आबा आहेत, पण एक आकडा म्हणून. शाळेतल्या दगडासारखंच.

प्राचीवहिनी: मग सातबारा?

बाळूदादा गाव: वहिनी आपण कुळं. जमीन खोताची होती. खोती गेली 1949 च्या कायद्याने, आपलं नाव लागलं त्याच्यानंतर. त्याच्या आधीचं सातबाऱ्यावर काय मिळणार.

विकी: 🙏 शुभ सकाळ 🙏 आजचा सुविचार खाली दिलेला आहे

मंदार पुणे: विकी जरा थांब रे बाबा. तर मी काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो, सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून आहे, दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची यादी त्यांच्या साइटवर फुकट शोधता येते, आपले शिपाई पण त्यात आहेत. पहिली मेख म्हणजे मराठा असं आजचं स्पेलिंग टाकलं तर हाती काही लागत नाही, तेव्हा एम ए नंतर एच लिहायचे, तसं टाकावं लागतं. दुसरी मेख आडनावाची, ज्या कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, पवारांचे पोवार, चव्हाणांचे चोवान, आणि कित्येकांना आडनावच नाही. म्हणून मी आडनाव सोडून दिलं आणि माहितीच्या रकान्यात नुसतं खेड आणि रत्नागिरी टाकून एकेक वाचत बसलो. आपल्या पोरांना आई-बाप-गाव विचारून लिहून ठेवलेलं असायचं कारण मागे पैसे कोणाला पाठवायचे हा प्रश्न, त्यामुळे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा सगळा पत्ता असतो बहुतेकांचा. गावाचं स्पेलिंग मात्र असं केलंय की मोठ्याने म्हटल्याशिवाय आपलं गाव आहे हे कळत नाही. मी तीनदा पुढे सरकलो होतो त्याच्यावरून.

नानाकाका: मिळाले का?

मंदार पुणे: मिळाले काका. पण पाच मराठा नाही, 117 मराठा.

नानाकाका: शक्य नाही. अण्णा नेहमी पाच मराठाच म्हणायचे.

मंदार पुणे: दोन्ही बरोबर आहे. 1922 च्या सुमाराला सगळ्या पलटणींचे नंबर बदलले, तेव्हाच्या 103, 105, 110 वगैरे एकत्र करून एकच रेजिमेंट केली, सेंटर बेळगावला, आणि 117 ची झाली पाचवी बटालियन. अण्णांच्या कानावर पडला तो नंतरचा नंबर. आबांच्या हयातीत पाच नंबर नव्हताच.

निखिल यूके: मस्त रे. तारीख काय आहे?

मंदार पुणे: ऑगस्ट 1916. हेच मला बोचतंय रात्रीपासून. कारण 117 त्याच्या आधी कूतमध्ये अडकलेली होती. टायग्रिसच्या वळणात गाव आहे कूत, 1915 च्या डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. आत सहावी पूना डिव्हिजन, मराठ्यांच्या तीन पलटणी त्यात, 103, 110 आणि 117. दाणागोटा संपला, घोडे खायची वेळ आली, आपल्यातले बरेच जण तयार होईनात, तसेच उपाशी राहिले. 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंडने हत्यारं खाली ठेवली, जवळपास तेरा हजार माणूस कैद झालं. मग त्यांना उन्हाळ्यात वाळवंटातून उत्तरेला चालवत नेलं, बऱ्याच जणांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. म्हणजे ऑगस्ट 1916 ला गेले तर लढाईत नाही गेले. कैदेत गेले. यादीत नोंद बसरा मेमोरियलखाली आहे म्हणून आपल्याकडे बसरावाले, पण जीव बहुतेक बसऱ्यापासून लांबच कुठेतरी गेला.

सुमाआत्या: देवा रे.

प्राचीवहिनी: 😔

बाळूदादा गाव: त्या मेमोरियलवर जाता येतं काय?

मंदार पुणे: इराक आहे दादा. शिवाय 1997 ला सद्दामच्या हुकमाने ते सगळंच्या सगळं उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्याला 32 किलोमीटरवर नेऊन ठेवलंय. चाळीस हजारांच्या वर लोकांचं स्मारक आहे ते, ज्यांची कबर माहीत नाही त्यांचं.

निखिल यूके: मी लंडनला जाणारच आहे पुढच्या महिन्यात. क्यूला नॅशनल अर्काइव्ह्ज आहे तिथे पलटणींच्या रोजनिशा आहेत ना?

मंदार पुणे: आहेत, बघ जमलं तर. पण त्यात साहेबांची नावं असतात, आपल्यांचं आज इतके जखमी इतके गेले एवढंच. अपेक्षा ठेवू नको.

सुमाआत्या: मंदार मला एक सांग. त्यांची बायको कोण ते लिहिलंय का त्यात

नानाकाका: अगं आक्का लग्न नव्हतं झालं त्यांचं. पान 3.

मंदार पुणे: काका तेच सांगायला मी इतका वेळ घोळ घालतोय, कसं सांगू कळत नव्हतं. पुढची ओळ अशी आहे. बापूचा मुलगा. तानीचा नवरा. मग गाव, खेड, रत्नागिरी.

नानाकाका: दुसरा कोणी धोंडू असेल.

मंदार पुणे: बाप बापू, गाव आपलं, वाडीत तेव्हा घरं किती होती ते तुम्हीच सांगा.

निखिल यूके: लग्नाचं रजिस्टर बघा मग, खात्री होईल.

बाळूदादा गाव: निखिल तुझं रजिस्टर तिकडचं 😀 इकडे लग्न लागलं अंगणात, साक्षीला भावकी, कागद कोण करतोय. नोंदणीचा कायदाच 1953 चा, आणि त्याच्यानंतर पण आमच्या आईबाबांनी कुठे केलीय नोंद. फार तर कोणी नाशिकला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावाच्या नावाखाली मिळेल, तीही मोडीत.

नानाकाका: मी 2009 ला नाशिकला गेलो होतो, तिथूनच तर पहिल्या दोन पिढ्या उतरवून आणल्या. त्यात बायकांची नावं होती काही, मी पुरुषांचीच घेतली. जागा पुरत नव्हती कागदावर.

प्राचीवहिनी: काका 😐

सुमाआत्या: आता मी सांगते सगळे गप बसा टाईप करायला वेळ लागतो मला. तानीआजी होती आपल्याकडे. नाना तू लहान होतास, तुला ती आठवेल ती पडवीत बसायची कोपऱ्यात एवढीच. आम्हाला सांगायचे ती लांबची आहे भावकीतली तिचं कोणी नाही म्हणून आपल्यात जेवते. ती वर्षातनं दोनतीनदा खेडला जायची चालत, पहाटे निघायची नि दिवेलागणीला यायची, आल्यावर आम्हा पोरांना चणे. मी आईला विचारलं ही कशाला जाते तर आई म्हणाली तिचं सरकारकडे काम असतं. आत्ता कळलं मला कसलं काम ते. पेन्शनच असणार दुसरं काय. आणि ते झाकण. बाळू ते झाकण आहे का रे अजून

बाळूदादा गाव: कुठलं गो आत्या?

सुमाआत्या: पितळेसारखी जाड चकती, वीतभर नाही पण बरीच मोठी, एक बाई नि सिंह आहे तिच्यावर. दुधाच्या टोपावर ठेवायचो. तानीआजी दर अवसेला चिंच लावून घासायची आणि दुसऱ्या कोणाला घासू देत नसे.

मंदार पुणे: आत्या!!! ते झाकण नाही. मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवायचे ते, काशाचं, बारा सेंटिमीटरचं. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. कडेने लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, आणि चौकटीत नुसतं नाव, हुद्दा नाही, नंबर नाही, सगळे सारखे म्हणून.

बाळूदादा गाव: आहे की. आज सकाळीच दूध ठेवलंय त्याच्याखाली.

निखिल यूके: मेडल पण असेल मग! त्याच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेलं असतं.

नानाकाका: चांदीचं होतं. अण्णांनी कौलं बदलताना सोनाराला दिलं. मला आठवतंय.

प्राचीवहिनी: म्हणजे चांदीचं गेलं आणि काशाचं सोनाराला नको होतं म्हणून राहिलं.

(नानाकाका यांनी हा मेसेज डिलीट केला)

बाळूदादा गाव: तहसीलला गाव नमुना 14 असतो, जन्ममृत्यूचा, कोतवाल लिहायचा तो. दाखल्यांच्या कामासाठी मी गेलोय तिथे, रेकॉर्डवाला ओळखीचा झालाय. तानीआजीच्या मृत्यूची नोंद मिळाली तर नक्कल काढतो, त्यात कोणाची बायको ते लागेल कदाचित. पण साल पाहिजे. चाळीस वर्षांची पानं उलटायला देणार नाहीत, आणि निम्म्यांना वाळवी.

सुमाआत्या: पानशेत फुटलं ना त्याच वर्षी. शिमगा झाला, पालखी दारात येऊन गेली नि चार दिवसांनी ती गेली. पानशेतचं रेडिओवर ऐकलं तेव्हा ती नव्हती.

मंदार पुणे: पानशेत जुलै 1961. दादा, मार्च 61 बघ.

बाळूदादा गाव: सोमवारी जातो.

नानाकाका: आक्का, तिचं माहेर कुठलं गं? नुसतं तानी लिहून बरं दिसत नाही.

सुमाआत्या: विचारलंच नाही रे कधी कोणी.

नानाकाका: बरं. पान 3 नवीन छापून घेतो. निखिल, तो संगणकात फाँट कुठला वापरलास ते कळव. अविवाहित काढायचंय.

बाळूदादा गाव: थांबा, फोटो टाकतो झाकणाचा. आधी पुसून घेतो, साय लागलीय.