सुवर्णकमळ मिळालेले मराठी चित्रपट आपल्या बोलण्यात का उतरत नाहीत?

मॅटिनी_३ला (प्रश्न)

महाविद्यालयीन चित्रपट मंडळासाठी तीन सत्रांचा कार्यक्रम आखतो आहे, त्यातून हा प्रश्न आला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेल्या मराठी चित्रपटांची नावं काढली तर श्यामची आई (१९५३), श्वास (२००४), देऊळ (२०११), कोर्ट (२०१४) आणि कासव (२०१६) अशी पाच होतात. श्वास आणि कोर्ट ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवडही होते. कोर्टला त्याआधी व्हेनिस चित्रपट महोत्सवात ओरिझोंती या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता.

तरीही बनवाबनवीतलं ‘सत्तर रुपये वारले’ म्हटलं की बस स्टॉपवरचा अनोळखी माणूससुद्धा हसतो. कोर्टमधलं एखादं वाक्य म्हणून दाखवा म्हटलं तर चित्रपट आवडलेला माणूसही गप्प बसतो. ‘लोकांना अभिरुची नाही’ हे उत्तर मला पटत नाही, कारण तीच माणसं सामनासारखा गंभीर चित्रपट अजून आठवतात. मग फरक नेमका कुठे पडतो? मुलांसमोर मांडता येईल असं ठोस काही हवं आहे.

---

संवादवही

अभिरुचीचं कारण बाजूला ठेवलंत ते योग्यच केलंत. चित्रपटातून काय सुटं निघतं आणि ते किती वेळा कानावर पडतं, यावर सगळं अवलंबून असतं. चांगला-वाईट हा वेगळा हिशेब.

आधी वाक्यं घ्या. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मधलं ‘हा माझा बायको पार्वती’ हे चार शब्दांचं वाक्य. त्यातली गंमत लिंग चुकण्यात आहे. मराठी बोलणाऱ्या कुणाच्याही डोक्यात ‘हा माझा’ ऐकताक्षणी दुरुस्ती सुरू होते, आणि तेवढ्यात ‘बायको’ येऊन आदळते. गोष्ट माहीत नसली तरी हसू फुटतं. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ यात तर विनोदसुद्धा नाही, साधी चौकशी आहे. पण कुणाच्याही दारात उभं राहून ती करता येते. वसंत सबनीसांचे संवाद असे आहेत की वाक्य प्रसंगातून उचललं तरी मोडत नाही.

आता सामना (१९७४). तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विषय गंभीर आणि शेवट जड. तरी ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न पन्नास वर्षं टिकला. तो का टिकला हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. एक पूर्ण नाव आणि त्यापुढे एक प्रश्न, एवढाच सांगाडा. चित्रपटात मास्तर तो पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून घरी जाताना तोंडात बसलेला असतो. आणि नाव बदललं की तो कोणत्याही दडपलेल्या प्रकरणाला लागू पडतो. गंभीर चित्रपट बोलण्यात उतरत नाहीत हा समज या एका वाक्याने खोटा पडतो.

कोर्टमध्ये असा सांगाडा मिळणार नाही, आणि तो जाणूनबुजून ठेवलेला नाही. तिथे कायद्याची कलमं लांबलचक, एकसुरी वाचली जातात. ऐकणाऱ्याला कंटाळा येणं हाच त्या दृश्याचा अर्थ आहे. त्यातलं चार शब्दांचं वाक्य बाहेर काढलंत तर हातात काहीच राहत नाही. खटल्यातला आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे, हे नाव किती जणांच्या ओठावर आहे? फार थोड्या. पण बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देतात, तो प्रसंग चित्रपट पाहिलेला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. कोर्टचा ठसा सांगण्याजोग्या प्रसंगांत आहे. फक्त प्रसंग सांगायला दोन मिनिटं लागतात आणि ऐकणाराही थांबावा लागतो. वाक्याला दोन सेकंद पुरतात. चौकात दोन सेकंदांचं नाणं चालतं.

---

गाणीच_गाणी

वर सगळा भर संवादांवर आहे. मराठीत चित्रपटाचा ठसा बहुतेक वेळा गाण्यातून उमटतो, आणि तो इतका खोल जातो की चित्रपटाचं नावच पुसलं जातं.

तुमच्या यादीतला पहिलाच चित्रपट बघा. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ हे शाळेबद्दल बोलताना लोक म्हण असल्यासारखं वापरतात. ते श्यामची आई मधलं आहे, अत्र्यांनी लिहिलेलं आणि वसंत देसाईंनी चाल दिलेलं, हे किती जणांना माहीत असतं? ‘कशाला उद्याची बात’ तसंच. माणूस (१९३९) मधलं गाणं, शब्द अनंत काणेकरांचे. आज ते वाक्य म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेला नाही.

याहून टोकाचं उदाहरण संत तुकाराम (१९३६). ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग म्हणून सर्रास म्हटला जातो. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे. ठसा एवढा की लिहिणाराच नाहीसा झाला! तेव्हा ‘ठसा नाही’ म्हणण्याआधी तो दुसऱ्याच्या नावावर जमा झालेला नाही ना, हे तपासा.

सामना, जैत रे जैत, सिंहासन आणि उंबरठा ओळीने घेतले तर ही सगळी समांतर धाटणीची कामं, पण प्रत्येकाने निदान एक गाणं मागे ठेवलं. ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’, ‘मी रात टाकली’, ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली’, ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’. आरती प्रभू, ना. धों. महानोर आणि सुरेश भट अशा कवींचे शब्द होते. रेडिओ ती गाणी वाजवत राहिला. ज्यांनी उंबरठा पाहिला नाही त्यांनाही त्याची चाल येते.

श्वास आणि कासवचा ठसा असा गाण्यातून घरोघरी गेला नाही. त्या त्या कथेसाठी तो निर्णय बरोबरच आहे. डोळे गमावणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेआधी इस्पितळातून बाहेर नेऊन जग दाखवतात, तिथे मध्येच गाणं आलं असतं तर मला सहन झालं नसतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. दरवाजा बंद केला की रेडिओ, वराती आणि गणपतीचे मंडप या तिन्ही वाटा एकदम बंद होतात.

फँड्रीने (प्रदर्शन फेब्रुवारी २०१४) यावर वेगळा उपाय केला होता. ‘तुझ्या पिरतीचा हा विंचू मला चावला’ हे अजय-अतुलचं गाणं प्रसिद्धीसाठी होतं, प्रत्यक्ष चित्रपटात ते नाही. चित्रपटाची शिस्त मोडली नाही आणि गाणं वरातीतही वाजलं. तोटा असा की गाणं ऐकून आलेला प्रेक्षक प्रेमकथेच्या अपेक्षेने खुर्चीत बसतो. शेवटी पडद्यावरून त्याच्याच दिशेने दगड भिरकावला जातो, तेव्हा काही जण हादरतात आणि काही नुसतेच चिडतात.

---

चौकट

दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली. कुठे दिसतो आणि कुठल्या आकारात दिसतो, हेही पाहायला हवं.

बनवाबनवी १९८८ ला चालला हे खरं, पण आजच्या विशीतल्या मुलांनी तो थिएटरमध्ये पाहिलेला नाही. त्यांनी तो टीव्हीवर पाहिला, तोही तुकड्यातुकड्यांनी. २००७ मध्ये झी टॉकीज सुरू झाल्यावर मराठी चित्रपट चोवीस तास लागू लागले. अशा वाहिनीवर जाहिराती सतत कापत असतात, म्हणून कुठूनही बसलं तरी दहा मिनिटांत मजा येणारा चित्रपटच पुन्हा पुन्हा लावला जातो. कासवमधली शांतता हळूहळू साचत जाते. प्रत्येक जाहिरातीनंतर ती शून्यावर येते. त्यात टीव्हीसाठी ‘अ’ प्रमाणपत्र चालत नाही, म्हणजे काही चित्रपट त्या रांगेत उभेच राहू शकत नाहीत.

ओटीटीवर चित्रपट कायम असतो, पण समोर आपोआप येत नाही. कोर्टच्याच दिग्दर्शकाचा द डिसायपल २०२१ च्या एप्रिलमध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. शोधणाऱ्याला तो मिळतो. पण जेवताना चॅनल बदलता बदलता कुणी त्यावर अडखळत नाही, आणि ठसा बहुतांशी अशा अडखळण्यातून पडतो.

आता आकार. गणित सोपं आहे, मुलांकडून करून घ्या. मोबाइलची उभी चौकट ९:१६. रुंद पडद्याची चौकट २.३९:१. रुंद चित्राची पूर्ण उंची ठेवून उभा तुकडा कापला तर रुंदीचा जेमतेम २४ टक्के भाग उरतो. टीव्हीच्या जुन्या ४:३ चौकटीतून तसाच तुकडा काढला तर सुमारे ४२ टक्के उरतो. न कापता रुंद चित्र उभ्या मोबाइलवर बसवलं तर पडद्याचा एक चतुर्थांशही भरत नाही.

जुन्या विनोदी चित्रपटांत माणसं चौकटीच्या मधोमध, कमरेपासून वर, कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतात. कापाकापीत चेहरा वाचतो, म्हणून मीम बनतं. कोर्टमध्ये कॅमेरा लांब आणि स्थिर आहे. वकील, साक्षीदार, पंखा, कपाटं, मागच्या बाकावर पेंगणारा माणूस, सगळं एका चौकटीत. सुट्टी लागते आणि रिकाम्या न्यायालयातले दिवे विझत जातात, ते दृश्य मोठ्या पडद्यावर अंगावर येतं. मोबाइलवर ते काळं आयत दिसतं.

याउलट फँड्रीत जातीमुळे हिणवलं जाणारं कुटुंब डुक्कर खांद्यावरून वाहून नेत असताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई आणि शाहू महाराजांची चित्रं आहेत. ती चौकट एकही शब्द न बोलता पूर्ण होते आणि स्थिरचित्र म्हणून वेगळी काढता येते. गाणं नाही, वाक्य नाही, तरी ठसा उमटला. दृश्यांच्या बाबतीत मला हाच सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

---

मॅटिनी_३ला

तिन्ही उत्तरं फार उपयोगी आहेत, मनापासून आभार. एक उपप्रश्न. असा चित्रपट निदान मंडळातल्या साठ-सत्तर मुलांच्या लक्षात राहावा, म्हणून दाखवताना काय करता येईल? कोर्ट ठरवतो आहे. सभागृह साधं आहे, बाहेर रस्ता आहे.

---

संवादवही

परवानगीपासून सुरुवात करा. वैयक्तिक ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट लावता येत नाही. निर्मात्याकडून किंवा हक्कधारकाकडून लेखी परवानगी आणि शक्यतो त्यांच्याकडूनच प्रत घ्या.

सभागृहात पहिली अडचण आवाजाची येते. कोर्टमध्ये न्यायालयातली कुजबूज, कागदांची सळसळ, बाहेरची रहदारी हे सगळं संवादाइतकंच महत्त्वाचं आहे. सभेचे भोंगे लावलेत तर आवाज घुमतो आणि शब्द चिखलासारखे होतात. दोन चांगले स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीच्या थोडे वर ठेवा. आवाजाची पातळी सभागृह रिकामं असताना ठरवू नका. माणसं बसली की आवाज शोषला जातो, म्हणून थोडी वाढवावी लागेल. रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड पडदे हवेतच, त्यांनी उजेडही अडतो.

उपशीर्षकं चालूच ठेवा. प्रेक्षक मराठी असले तरी चित्रपटात मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी आणि गुजरातीही आहे.

लांबी ११६ मिनिटं. मध्यंतर देऊ नका. दिलंत तर परतल्यावर पहिली दहा मिनिटं मुलं पुन्हा त्या संथ लयीत शिरण्यात घालवतील.

---

गाणीच_गाणी

त्यात भर. चर्चा लगेच ‘कसा वाटला?’ने सुरू केली की ‘छान’, ‘स्लो’ या दोन शब्दांवर संपते. त्याऐवजी सर्वांना कोरा कागद द्या आणि पाच मिनिटांत एकच गोष्ट लिहायला सांगा, आठवतं ते एक वाक्य किंवा एक दृश्य. मग कागद मोजा, वाक्यं किती आणि दृश्यं किती. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्याच सभागृहातून निघेल.

नारायण कांबळे मंचावर गातो ते गाणं चर्चेच्या आधी पुन्हा एकदा वाजवा. शब्द संभाजी भगतांचे आहेत, त्यांना स्वतंत्र जोर आहे. दुसऱ्यांदा ऐकताना मुलं ताल धरतात की नाही ते बघा.

---

चौकट

हीच कागदाची चाचणी तीन आठवड्यांनी, काही न सांगता, पुन्हा घ्या. त्याच दिवशी बनवाबनवीची वीस मिनिटं दाखवून तिचीही घ्या, आणि तीही तीन आठवड्यांनी पुन्हा. पहिल्या दिवशी दोन्हीकडे कागद भरलेले असतील. तीन आठवड्यांनंतर काय गळलं, ते दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचा. प्रसंग आठवणारी मुलं तो स्वतःच्या शब्दांत लिहितील, प्रत्येकाचा तपशील वेगळा असेल. वाक्य आठवणारी अक्षरशः तेच चार शब्द लिहितील. आणि एक दक्षता घ्या. बनवाबनवी बहुतेकांनी आधी पाहिलेला असणार, म्हणून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘आधी पाहिला आहे / नाही’ लिहून घ्या. तेवढं राहिलं तर तुलना फुकट जाईल.