शब्दचर्चा : परिबल, बलाघूर्ण, टॉर्क

प्रश्न : भाचीला मराठीतून यामिकी शिकवते आहे. टॉर्कला कुठे 'बलाघूर्ण' दिसतं, कुठे 'परिबल', कुणी 'पीळ'ही म्हणतं. तिन्ही एकच का? वस्तूच्या मध्यापासून बाजूला लावलेल्या बलासाठी कोणता शब्द घेऊ?

उत्तर : ताई, इथे 'पीळ' नको. पीळ सुंभाला बसतो. दोन टोकं उलट दिशांना वळतात आणि वस्तूच मुरगळते. दार ढकललं तर दाराला पीळ पडत नाही, ते फिरतं. 'परिबल' विश्वकोशातल्या नोंदींत भेटतो : निरूढी परिबल (वस्तू फिरवायला किती जड, याचं माप), चुंबकीय परिबल. 'बलाघूर्ण'ही त्याच अर्थाचा, त्यातला 'आघूर्ण' संस्कृतातल्या 'घूर्ण्'वरून, म्हणजे गरगरणं. मी परिबल वापरतो. 'परि'मध्ये 'कशाच्या तरी भोवती' हा अर्थ आहे आणि तोच यातला गाभा आहे. 'दांड्याचं परिबल' हे वाक्य अपुरं. 'मध्याभोवती बलाचं परिबल' हे पुरं.

उत्तर : गॅरेजात टॉर्कच. टॉर्क पाना, न्यूटन-मीटर. तिथे दुसरा शब्द कुणी वापरणार नाही, वापरायची गरजही नाही.

उत्तर : भाचीला शब्दाबरोबर हिशेबही द्या, नाहीतर एक गैरसमज घट्ट बसतो : मध्याबाहेर ढकललं की बलाचा काही भाग फिरवण्यात 'खर्च' होतो आणि उरलेला पुढे नेतो. तसं होत नाही, बलाची वाटणी होतच नाही.

घर्षण नसलेल्या सपाट पृष्ठभागावर १ मीटर लांब, २ किलोचा एकसारखा दांडा आडवा पडलाय. मध्यापासून ०.४ मीटरवर, दांड्याला काटकोनात, ३ न्यूटन बल लावलं. मध्याचं त्वरण ३ ÷ २ = १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. बल टोकाला लावा की मध्यावर, हा आकडा तोच!

आता फिरणं. परिबल ३ × ०.४ = १.२ न्यूटन-मीटर. मध्याभोवती निरूढी परिबल म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२, इथे १/६. म्हणून कोनीय त्वरण १.२ × ६ = ७.२ रेडियन प्रति सेकंद वर्ग. बल तिरकं असेल तर ०.४ च्या जागी मध्यापासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर घ्यायचं. मुलं नेमकी इथेच चुकतात.

प्रश्न : मग तेवढ्याच बलात दांडा पुढेही गेला आणि फिरलाही. जादाची ऊर्जा कुठून आली?

उत्तर : ढकलणाऱ्या हातातून. बल लावलेल्या बिंदूचं सुरुवातीचं त्वरण १.५ + ७.२ × ०.४ = ४.३८, म्हणजे मध्याच्या जवळजवळ तिप्पट. तेवढ्याच क्षणांत हाताला तिपटीच्या आसपास अंतर ढकलत जावं लागतं, म्हणून कार्यही तितकंच वाढतं. (कार्यही न्यूटन गुणिले मीटरच, पण त्याला ज्यूल म्हणतात, परिबलाला कधीच नाही. कार्यातलं अंतर बलाच्या दिशेतलं, परिबलातलं बलाला लंब.)

आणखी एक गंमत तिला काढायला लावा. मध्याच्या दुसऱ्या बाजूला १.५ ÷ ७.२, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटरवर एक बिंदू पहिल्या क्षणी जागचा हलतच नाही. त्या बिंदूला धरून ठेवलं असतं, तर बल लागलेली जागा त्याचं आघातकेंद्र ठरते, म्हणजे तिथे ढकललं तर धरलेल्या बिंदूला हिसका बसत नाही. चेंडू बॅटच्या नेमक्या जागी बसला की मुठीला हिसका कमी जाणवतो, त्याचं एक कारण हेच.