‘पाहुणचार’, ‘अतिथिप्रेम’ आणि ‘घरात घेणे’

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीत एकटे राहणारे वृद्ध आणि नोकरीसाठी शहरात नव्याने आलेले तरुण यांना रविवारच्या उपासनेनंतर आळीपाळीने घरी जेवायला बोलवावे, असे ठरले आहे. पत्रकात ‘आदरातिथ्य’ लिहावे, ‘पाहुणचार’ की ‘अतिथिप्रेम’?

उत्तर : ‘आदरातिथ्य’ हा शब्द आता हॉटेल व्यवसायाचा झाला आहे, तो टाळावा. ‘पाहुणचार’ घरगुती आहे, परंतु ‘पाहुणेरावळे’ म्हणताना डोळ्यांसमोर सोयरेधायरेच येतात, परका माणूस येत नाही. बायबलच्या नव्या करारात यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘फिलोक्सेनिया’ असा आहे. त्यातील ‘क्सेनोस’ म्हणजे परका आणि पाहुणाही, म्हणून ‘फिलोक्सेनिया’त परक्याविषयीचे प्रेम शब्दातच सामावलेले आहे. इब्री लोकांस पत्रातील 13:2 या वचनात हाच शब्द असून तेथे मराठी भाषांतरात ‘अतिथिप्रेम’ योजले आहे, ते मला फार नेमके वाटते. ‘अतिथी’ची परंपरागत फोड ‘ज्याच्या येण्याला तिथी नाही तो’ अशी केली जाते, आणि न कळवता दाराशी आलेल्या माणसात तो अनोळखीपणा शिल्लक राहतो.

तरीही माझे मत ‘घरात घेणे’ या साध्या शब्दप्रयोगाकडे झुकते. मत्तयच्या शुभवर्तमानात (25:35) येशू आपण परके असताना आपल्याला घरात घेतल्याचे सांगतो. तेथील ग्रीक क्रियापद ‘सिनागो’ आहे, म्हणजे एकत्र आणणे, आपल्यात गोळा करून घेणे. ‘सभास्थान’ या अर्थाचा ग्रीक शब्दही त्याच क्रियापदापासून आला आहे. पाहुण्याला जेवू घालून निरोप देता येतो, पण ज्याला आपल्यात घेतले त्याची जागा पुढच्या रविवारीही राखावी लागते, आणि एकाकी माणसाला खरी गरज त्या राखलेल्या जागेची असते. आपली भाषा येथे आपल्याला साथ देते : ‘मंडळी’ हा एकच शब्द ख्रिस्ती समाजासाठीही वापरला जातो आणि ‘घरची मंडळी’ म्हणून कुटुंबासाठीही.

दुसरे मत : ‘पाहुणचार’ इतक्या सहज बाजूला सारू नये, असे मला वाटते. पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:9) तो कुरकुर न करता करण्यास सांगितले आहे, म्हणजे त्यात श्रम, खर्च आणि थकवा असतो हे पत्रकर्त्याला ठाऊक होते. ‘अतिथिप्रेम’ ही भावना झाली. भाकरी थापणे, अंथरूण घालणे, रात्री उशिरा स्टेशनावर सोडायला जाणे हे ‘चार’ या उत्तरपदातच येते, कारण ‘चार’ म्हणजे आचरण.

शिवाय पत्रकाच्या मसुद्यात ‘एकांतात राहणाऱ्यांसाठी’ असे लिहिले असेल तर ते अवश्य बदलावे. एकांत माणूस स्वतः निवडतो, येशूही प्रार्थनेसाठी एकांती जात असे. एकाकीपणा मात्र वाट्याला येतो. ‘एकाकी’ हे विशेषणही छापील निमंत्रणात नको, कारण आपल्याला त्या नावाने बोलावलेले वाचून जो येणार असेल तोही संकोचेल.

प्रश्नकर्ता : दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. शीर्षकात ‘अतिथिप्रेम’ ठेवतो, आणि खाली कोणाचेही वर्णन न करता एवढेच लिहितो : ‘उपासनेनंतर आमच्याबरोबर घरी चला, आपले पान मांडलेले आहे, पुढच्या रविवारीही असेल.’