'इंडियाज डॉटर'वरची बंदी : तुम्हाला पटली होती का?

वैशाखवणवा
१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारावरचा लेस्ली उडविन यांचा हा माहितीपट बीबीसीने ४ मार्च २०१५ ला दाखवला. भारतात मात्र आदल्याच दिवशी कोर्टाची मनाई आली. आक्षेप मुख्यतः तिहारमधल्या दोषीच्या मुलाखतीवर. पश्चात्ताप शून्य, वर दोष मुलीलाच.

मला बंदी चूक वाटते. तो जे बोलतो ते लग्नाच्या पंगतीतही कानावर पडतं, फक्त तिथे कॅमेरा नसतो. त्याची वाक्यं इथे उतरवू नका, प्लीज.

आडवाटेचा
म्हणजे तुम्हीही छोटीशी बंदी घातलीतच की!

वैशाखवणवा
उतरवू नका म्हटलंय. पाहू नका नाही.

सौ. स्पष्टवक्त्या
बलात्काऱ्याला माईक कशाला? तुरुंगात त्याच्यासमोर कॅमेरा लावायला परवानगी देणाऱ्यांना आधी जाब विचारा. आईवडील स्वतः त्यात बोललेत, तेवढं पुरेसं होतं.

कलम_कसाई
गल्लत होतेय. इंदिरा जयसिंग, कविता कृष्णन यांच्यासारख्या स्त्रीहक्कवाल्यांनीही तेव्हा प्रसारणाला विरोध केला होता, पण त्यांचा मुद्दा संस्कृतीची बदनामी वगैरे नव्हता. फाशीविरुद्धचं अपील सुप्रीम कोर्टात पडून होतं. अशा वेळी आरोपीचं बोलणं घरोघरी दाखवलं, तर सुनावणी निष्पक्ष कशी राहणार? पुढे ढकला, इतकंच म्हणणं. सरकारने मात्र 'बदनामी'चाच धोशा लावला. आणि अपील ५ मे २०१७ ला फेटाळलं गेलं, २० मार्च २०२० ला फाशीही झाली. आता कुठलं कारण उरलं?

सौ. स्पष्टवक्त्या
कारण तेच. उद्या दुसरा कोणी प्रसिद्धीसाठी असंच बोलेल.

कलम_कसाई
ताई, त्याच माहितीपटात बचावाचे दोन वकीलही बोललेत. काळा कोट घालून, बिनदिक्कत. त्यावरून बार कौन्सिलने त्यांना कारणे दाखवा नोटीस काढली. ते कॅमेऱ्यासमोर बोललेच नसते, तर काढली असती?

आडवाटेचा
हे मान्य. वकिलांचं ऐकून मला जास्त संताप आला.

सौ. स्पष्टवक्त्या
मग वकिलांचा भाग ठेवा, त्याचा कापा.

वैशाखवणवा
कात्री कोणाच्या हातात द्यायची? ८ मार्चला एनडीटीव्हीने या माहितीपटाच्या ठरलेल्या वेळी पडद्यावर फक्त दिवा दाखवला होता. तो मला जास्त बोलका वाटला.

सौ. स्पष्टवक्त्या
मला नाही वाटला. दिवा लावून काय होतं?