महसीरची बीजं कुठेही सोडायची?

एकांनी लिहिलंय की लोणावळ्याच्या धर्तीवर प्रत्येक धरणात महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची बीजं (म्हणजे पिल्लं) सोडली की संवर्धन झालं. इथे थोडं थांबायला हवं.

लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून निळ्या पराच्या महसीरचं (टॉर खुद्री) कृत्रिम प्रजनन होतं. काम मोठंच आहे. हा मासा आपलाच. साइक्स या ब्रिटिश निसर्ग अभ्यासकाने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. (त्या मुठेची आजची अवस्था सांगायला नको.)

पण हीच बीजं कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळचा महसीर वेगळा, पाठीवर मदार (उंचवटा) असलेला, वजन पन्नास किलोच्या पुढे जाणारा. खुद्री वाढत गेला, हा घटत गेला. गंमत म्हणजे या मदारवाल्याला नेमकं शास्त्रीय नावच चिकटलेलं नव्हतं. २०१८ मध्ये कुठे सिद्ध झालं की तो टॉर रेमादेवी आहे, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

आहाराचा मुद्दाही यातच येतो. महसीर खेकडे, किडे, शेवाळ, काठावरच्या झाडांची पडलेली फळं, छोटे मासे, सगळं खातो. असा सर्वभक्षी परक्या नदीत सहज रुळतो. अंडी मात्र वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या गोट्यांवर घालतो. वाळू उपसा चालू ठेवून वरून बीजं ओतली तर पुढची पिढी होणार कुठे? त्यापेक्षा महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, तसे डोह आधी राखा असं माझं मत.